मदत हवी आहे: धरमतर खाडीतून भाऊच्या धक्क्याला छोटी होडी कशी न्यावी?

नमस्कार मंडळी. आमची होडी धरमतर खाडीतली, फायबरची, दोन सिलिंडरची. पावसाळा संपला की मशीनच्या कामासाठी ती भाऊच्या धक्क्याला न्यायची आहे. टेम्पोत घालून नेऊ म्हटलं, तर वडील ऐकायला तयार नाहीत. त्यांचं आयुष्य याच खाडीत जिताडा धरण्यात गेलं. होडी पाण्यानेच जाईल आणि सुकाणू मीच धरणार, हे त्यांचं ठरलेलं आहे.

रेवसपर्यंत मला काळजी नाही. कांदळवनाच्या कडेला चिखल कुठे वर आलाय, डोलवीच्या कारखान्याचे बार्ज भरतीबरोबर आत आले की कुठल्या काठाला सरकायचं, हे त्यांना पाठ आहे. पूर्ण भरतीची वेळसुद्धा ते तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून सांगतात. पण रेवस-करंजाच्या पुढे बंदर सुरू होतं. एकीकडे न्हावा-शेव्याला जाणारी कंटेनरची जहाजं, दुसरीकडे मुंबई बंदराची, मध्ये जहाजं ओढणारे टग, मांडव्याची गाड्या नेणारी रो-रो बोट, घारापुरीच्या लाँचेस. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हापासून मला या पाण्याची धास्तीच वाटते. वडिलांचं मन मोडायचं नाही, आणि त्यांना धोक्यातही घालायचं नाही.

जहाजांची वाट कुठे आणि कशी ओलांडायची? कुठल्या वेळी निघावं? नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

दादा, वडिलांना घेऊन नक्की जा, पण वेळ साधून. खाडीतून निघताना ओहोटी तुम्हाला ढकलते, मात्र रेवसच्या बाहेर तीच ओहोटी बंदरातलं पाणी समुद्राकडे ओढत असते आणि होडी बाहेर सरकायला लागते. म्हणून सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, शेवटी रेवसला पोचायचं, करंजाच्या बाजूला खोल पाणी बघून थांबायचं आणि पाणी फिरलं की भरतीबरोबर उत्तरेला चढायचं. रेवसच्या धक्क्याला मात्र सुकतीत चिकटू नका, तिथे गाळ फार आहे.

पंचमी चांगली. पाचाची पाऊणपट केली तर पहाटे पावणेचारला पूर्ण भरती, सकाळी दहाच्या सुमाराला सुकती संपते. उधाणाचा जोर उतरलेला असतो आणि दुपारचा वारा उठायच्या आत तुम्ही धक्क्याला लागता. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास नको, पाण्याला ओढ भयंकर असते.

आता जहाजांचं. त्यांची वाट लाल-हिरव्या बोयांमधली (बोया म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा), कारण त्यांना खोल पाणी लागतं. तुम्हाला लागत नाही, तेव्हा बोयांच्या बाहेरून चला आणि ओलांडायचं तेव्हा आडवं, सरळ, एका दमात. तिरकं गेलात तर वाटेत जास्त वेळ राहाल. मोठं जहाज लांबून जागेवरच उभं वाटतं, तसं ते नसतं. त्याच्या नाकासमोरचं बरंच पाणी वरच्या कप्तानाला दिसतच नाही, त्यामुळे त्याच्या पुढून जायचा मोह नको. त्याला जाऊ द्या, मागून जा. भोंग्याचे पाच आखूड आवाज आले की तुमचा इरादा त्याला कळलेला नाही असं समजा आणि लगेच बाजूला व्हा. जवाहर द्वीपाच्या तेलाच्या धक्क्यांपासून आणि नौदलाच्या हद्दीपासून लांब राहा.

प्रतिसाद २

लाइफ जॅकेट अंगात घालून बसा, फळीखाली ठेवून नाही. वडिलांना पटत नसेल तर आधी तुम्ही घाला. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) असेल तर १६ नंबरच्या चॅनेलवर कान ठेवा, नसेल तर तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये घालून ठेवा. होडीची नोंदणी आणि सगळ्यांची ओळखपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, वाटेत तपासणी होऊ शकते. आणि धुकं असेल तर निघूच नका, पुढच्या पंचमीला जा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. करंजाला थांबायचं त्यांना पटलं, मोठ्या जहाजाच्या मागून जायचंही. एकच विचारतात: शुक्ल पंचमी की कृष्ण?

प्रतिसाद १

पाण्याला दोन्ही सारख्याच. काकांना म्हणावं, दिवाळीनंतरची बघा, तोवर समुद्र शांत होतो.