मदत हवी आहे: दारू आणि घाबरेपणा, दोन्हींवर एकाच ठिकाणी ओपीडीत उपचार. परभणी, अंबाजोगाई की नांदेड?

गोदाकाठची

नमस्कार. माझ्या दिरासाठी विचारते आहे. वय चौतीस, गंगाखेड तालुक्यात गावी शेती करतात, जोडीला छोटा हत्ती चालवतात. दारू आहे, आणि दारूच्या आधीपासूनचा घाबरेपणा आहे. भरती न होता दोन्हींवर एकाच जागी उपचार होतील असा दवाखाना शोधतो आहोत. या टापूतली माहिती असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घाबरेपणा लग्नाच्याही आधीचा. रात्री एकदम छातीत धडधड, हातपाय गार, "आता मी जातो" म्हणत उठून अंगणात येऊन बसायचं. ईसीजी झाला, टूडी इको झाला, दोन्ही नॉर्मल. मग गावाकडच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, अल्प्राझोलम. ती चिठ्ठी कधीचीच संपली, गोळी मात्र चालूच आहे, मेडिकलवाला ओळखीचा. दारू तेव्हा लग्नकार्यापुरती होती. लागोपाठ दोन वर्षं सोयाबीन पाण्यात गेलं, सोसायटीचं कर्ज थकलं, आणि ती रोजची झाली. आता संध्याकाळी देशीची क्वार्टर आणि वर गोळी. सकाळी हात इतके थरथरतात की कप उचलवत नाही. चहा बशीत ओततात, बशी ओट्यावरच राहू देतात आणि वाकून तोंड लावतात. लेकीला हे दिसू नये म्हणून ती शाळेत गेल्यावरच चहा मागतात.

मागच्या वर्षी एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं, नाव लिहीत नाही. तिथं मानसोपचारतज्ज्ञ कधी आलेच नाहीत. रात्रीच्या धडधडीबद्दल सांगितलं की "मन खंबीर करा", आणि गोळीचं नाव काढलं की "ती पण नशाच". घरी आल्यावर काही आठवडे दारूला शिवले नाहीत. पण धडधड परत आली आणि तिच्यामागून दारू. नंतर शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी उदासीच्या गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, आधी दारू बंद करा, मगच या. दारूवाले म्हणतात गोळी सोड, गोळीवाले म्हणतात दारू सोड. भाऊजी स्वतःच मला म्हणाले, "वहिनी, मला दोन डॉक्टर नकोत. माझं सगळं ऐकून घेणारा एकच बघा."

भरतीला ते अजिबात तयार नाहीत. तोंडावर सुगी आहे, गाडीचा हप्ता आहे, आणि त्या केंद्राचा अनुभव आहेच. सासूबाईंच्या मते हे बाहेरचं आहे, त्यांचा अंगारा चालू असतो. त्यावरून मी वाद घालत नाही, कारण त्या दवाखान्याला नाही म्हणत नाहीत. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मी किंवा माझे मिस्टर, कुणीतरी एक जण प्रत्येक खेपेला सोबत जाऊ.

मला कळत नाही ते असं: इतकी थरथर असताना ओपीडीवर भागतं का? डॉक्टर दोन्ही आजार बघणारा आहे हे पहिल्याच भेटीत कसं ओळखायचं? परभणीला रेल्वेने जाता येतं, अंबाजोगाईला परळीवरून एसटी. जवळचं धरावं की मोठं?

आणि अजून एक. एकदा पिलेल्या अवस्थेत ते जाऊबाईंना म्हणाले, "फवारणीचं औषध आहेच की घरात." दुसऱ्या दिवशी हसण्यावारी नेलं. माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाही.

बालाघाट

ताई, मी शेजारच्या जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवक आहे. तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो.

फवारणीची औषधं आजच घरातून हलवा. दुसऱ्याच्या कोठ्यात कुलपात ठेवा, किल्ली भाऊजींना माहीत नसलेल्या माणसाकडे द्या. गोळ्यांची पाकिटं जाऊबाईंच्या ताब्यात असू द्या. आणि ते शुद्धीत असताना त्यांना सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, मनात असेल तर बोलायला वाट मिळते. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ते हो म्हणाले, किंवा कधीही तशी वेळ आली असं वाटलं, तर एकटं सोडायचं नाही आणि ओपीडीच्या वेळेची वाट न बघता थेट अपघात विभागात न्यायचं.

दुसरं तितकंच महत्त्वाचं. डॉक्टरांना दाखवेपर्यंत दारू किंवा अल्प्राझोलम, काहीही एकदम तोडू नका. रोज दोन्हींची सवय झालेल्या शरीरात, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत, फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास माणूस भ्रमात जाऊ शकतो: आपण कुठे आहोत ते कळत नाही, नसलेली माणसं दिसतात, ताप येतो. यात जीव जातो. उलट दारूवर गोळी घेणंही घातकच, झोपेत श्वास मंदावतो. म्हणून अपॉइंटमेंट लांबवू नका. गोळी किती आणि कशी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील, आठवडेच्या आठवडे लागतात त्याला.

ओपीडीवर भागेल का, हे यावर ठरतं: पूर्वी दारू थांबल्यावर फिट किंवा भ्रम झाला होता का, कावीळ किंवा दुसरा मोठा आजार आहे का, जीव देण्याचा विचार किती पक्का आहे, रात्री लक्ष ठेवायला घरात जागं माणूस आहे का. धोका दिसला तर डॉक्टर काही दिवस वॉर्डात ठेवा म्हणतील. ते केंद्रातल्यासारखं महिनाभर नसतं. शरीर शांत झालं की पुढचं सगळं ओपीडीत. धोका कमी असेल तर सुरुवातीला एक-दोन दिवसांआड दाखवत, कमी कमी होत जाणाऱ्या गोळ्यांवर घरीही होतं. थायमिन, म्हणजे बी-१, देतातच. आपल्याकडे अशक्तपणा आला म्हणून गावातच ग्लुकोजची सलाईन लावून घेतात. रोज पिणाऱ्याला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवणं मेंदूला धोक्याचं आहे, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता डॉक्टर कसा ओळखायचा ते. त्याने घाबरेपणा आधीचा की दारू आधीची, आणि दारू बंद होती तेव्हा घाबरेपणा होता का, हे विचारलं पाहिजे. नुसत्या दारूने आलेली उदासी दारू सुटल्यावर बहुतेकदा महिनाभरात ओसरते. तुमच्या भाऊजींची धडधड मात्र दारू बंद असतानाच परतली. म्हणजे तो वेगळा आजार असायची शक्यता मोठी आहे आणि त्याला "आधी दारू सोडा" म्हणून थांबवून ठेवता येत नाही. तुम्ही इथे लिहिलं तसंच तारीखवार कागदावर लिहून न्या. मग तुम्ही एक प्रश्न विचारा: "हे मधेच पिले तर तुम्ही काय करता?" "त्याच दिवशी घेऊन या" असं उत्तर आलं तर तिथं थांबा. "मग येऊ नका" म्हणाले तर दुसरीकडे जा. डॉक्टरांकडे मानसोपचारातली एमडी, डीएनबी किंवा डीपीएम, यातली एखादी पदवी किंवा पदविका असावी. समुपदेशन त्याच ठिकाणी, त्याच फाइलवर होत असेल तर उत्तम.

जागेबद्दल माझं मत. पहिली तपासणी आणि सुरुवातीचा काळ अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालयात करा. भरतीची वेळ आली तर तिथल्या तिथे होतं, फिजिशियनही असतात. सावरले की पुढचं परभणीच्या जिल्हा रुग्णालयात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयांत जाते, गंगाखेडचा वार विचारून ठेवा. वर्षभर न चुकता जाता येईल असंच ठिकाण धरा, मग त्याचं नाव लहान असलं तरी चालेल.

शिवार_७२

आमच्या मामांना भाजीत मिसळून पावडर दिली, त्यांना पत्ताही लागला नाही, दारू सुटली. पत्ता हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बालाघाट

दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे कुणीही करू नका. अशा पावडरीत नेमकं काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम असेल आणि माणूस त्यावर दारू पिला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर येतं. डॉक्टरही ते औषध रुग्णाला समजावून, त्याची संमती घेऊनच देतात. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत. तीसुद्धा लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या बघून देतात. आणि ज्याला आधीच घाबरेपणा आहे, त्याला चोरून काही दिलेलं कळलं तर तो घरच्या जेवणालाही भिईल.

मोंढा_रोड

ताई, मी लातूरची. आमच्या घरी उदासी आणि दारू, दोन्ही होतं. ओपीडीवरच उपचार झाले, अजून चालू आहेत, घर उभं आहे. तुम्हीही धीर धरा.

खर्चाची काळजी असेल तर सांगते. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचं खातं वेगळं, तिथं थोडे पैसे लागतात. सरकारीत एक अडचण येतेच, शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. आम्ही शंभर पानी वही केली. कोणत्या रात्री धडधड झाली, किती वाजता, झोप किती, पिले का, कोणती गोळी चुकली. नवीन डॉक्टर आले की आधी वही पुढे करायची. आमच्या युनिटचा, म्हणजे आम्हाला बघणाऱ्या डॉक्टरांच्या गटाचा, वार लक्षात ठेवून त्याच वारी जायचो, त्याने बराच फरक पडला.

उदासीच्या, घाबरेपणाच्या गोळ्या लगेच लागू पडत नाहीत, तीन-चार आठवडे जातात. सुरुवातीला जीव जास्तच तगमगतो. आमचे हे तेव्हाच गोळ्या फेकायला निघाले होते. ही गोष्ट भाऊजींना आधीच सांगा, आणि तगमग फारच वाढली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

तुमच्या जाऊबाईंचं कोण बघतंय? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा पिणाऱ्यांसाठी असतात, तशा घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या असतात. फी काही नाही. जवळ सभा नसेल तर फोनवरही जोडून घेतात. मला तिथे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "तुम्ही जेवता का वेळेवर?" नवऱ्याच्या आजारात मला हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

गोदाकाठची

तिघांचेही मनापासून आभार. शिवारदादा, राग मानू नका, पावडर नको.

औषधं घरातून हलवली. मिस्टरांनी भाऊजींना समोर बसवून सरळ विचारलं. ते बराच वेळ बोलले. "रात्री तसं मनात येतं, पण लेकीकडे बघून थांबतो," म्हणाले. रात्री त्यांच्याजवळ मिस्टर झोपतात आता. १४४१६ वर दोघांनी मिळून फोन लावला. तिकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात प्रत्यक्ष दाखवायला सांगितलं.

अंबाजोगाईच ठरवलं आहे. उद्याची रजा टाकली, पहाटेच्या गाडीने निघतो. वॉर्डात ठेवा म्हणाले तर काय, हे भाऊजींना आधीच विचारलं. "थोडे दिवस असतील आणि तुम्ही भेटायला येऊ शकणार असाल तर राहतो," म्हणाले. वही जाऊबाईंनी घातली आहे, मागच्या महिन्याचं आठवेल तेवढं लिहून काढलं. मेडिकलवाल्यालाही मिस्टर भेटून आले, चिठ्ठीशिवाय देऊ नका म्हणून. पण आज लगेच तोडायचं नाही, हे बालाघाटदादांचं वाचून थांबलो. डॉक्टर सांगतील तसं करू.

बालाघाटदादा, एवढंच सांगा, या गोळ्या चालू असताना गाडी चालवलेली चालते का?

बालाघाट

नाही ताई. सुरुवातीच्या गोळ्यांनी झोप आणि सुस्ती येते, आणि दारू सुटताना फिटचा धोका असतोच. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्टिअरिंगला हात नको. ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि विहिरीवरचं कामही नको. हप्त्याच्या काळजीने ते मधेच गाडी काढतील, म्हणून आधीच सोय करा.

गोदाकाठची

बरं. मग गाडीवर निदान दोन महिन्यांसाठी ड्रायव्हर लागेल. गंगाखेड-परळी भागात ओळखीचा, न पिणारा, भरवशाचा कुणी असेल तर व्यनि करा. पगार रोखीने, दर आठवड्याला देऊ.