मदत हवी आहे : सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द पाचवीतल्या मुलीला कसे शिकवू?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी यंदा पाचवीत गेली. चौथीपर्यंत वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत होती, आता वाळपईला इंग्रजी हायस्कुलात जाते. गोव्यातल्या बऱ्याच जणांचं शिक्षण असंच झालंय, माझंही.

अडचण डिक्टेशनची आहे. मराठीत ती ऐकते तसं लिहिते आणि ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर बरोबर येतं. इंग्रजीत तोच कान तिला फसवतो. परवा वहीत 'सन'भोवती लाल गोल होता. वाक्य मुलग्याबद्दलचं, हिने ओच्या जागी यू घालून सूर्य लिहिला. म्हणाली, "आई, टीचरनी 'सन'च म्हटलं गे!" खरंच आहे, दोन्हींचा उच्चार एकच.

मी शिवणकाम करते. मापांच्या वहीत मी 'वेस्ट २८' असं देवनागरीत लिहिते. ते बघून तिने विचारलं, वेस्ट म्हणजे पश्चिम ना? मग कापड वेस्ट गेलं म्हणतेस ते कुठलं? दोघी डिक्शनरी घेऊन बसलो. कमरेचा वेस्ट आणि वाया जाण्याचा वेस्ट इंग्रजांच्या तोंडीही एकच, फक्त एकात मध्ये आय, दुसऱ्यात शेवटी ई. पश्चिमेचा मात्र वेगळा, त्यातला स्वर आखूड. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन, परीक्षेची टेस्ट आणि जेवणाची टेस्ट यांचंही तेच. हे शब्द आपण मराठी बोलणाऱ्यांनीच एक करून टाकलेत. इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

काही युक्त्या चालल्या. ऐकण्याच्या 'हिअर'मध्ये कानाचा 'इअर' आहे, हे ती विसरत नाही. सरदाराच्या 'नाइट'मधला मुका के पूर्वी खरंच उच्चारत, हे तर तिला फार आवडलं. पण आठवड्याचा 'वीक' आणि अशक्त 'वीक' यांना काही सापडत नाही. जोडी शेजारी मांडली की ती जास्तच गोंधळते, म्हणून सध्या एकेक शब्द वाक्यात घालून देते.

शिक्षक असाल किंवा तुमची मुलं यातून गेली असतील तर सांगा. जोड्या एकत्र शिकवाव्यात की काही आठवडे सोडून? आणि पेन-टेस्टसारख्यांचा उच्चार घरी कसा सुधारू, माझाच तसा असताना? गणेश चवथीच्या ब्लाउजांची घाई आहे, रात्री जेवल्यावर अर्धा तास मिळतो. डिक्टेशनच्या दिवशी ती आता पोटात दुखतं म्हणून सांगू लागलीय.