इंग्रजीतील चुका : कोणत्या खटकाव्यात आणि कोणत्या सोडून द्याव्यात?

मुद्रितशोधक (धागाकर्ता)

गेली २२ वर्षे मी इंग्रजी पुस्तकांची मुद्रिते तपासतो आहे. एवढ्या काळात काही चुका इतक्या वेळा समोर आल्या, की त्यांच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी गेल्या आठवड्यात एक इंग्रजी सूचना लागली. रहिवाशांनी पाणी जपून वापरावे, एवढाच तिचा आशय होता. मात्र 'रेसिडेंट्स' लिहिताना शेवटच्या एस या अक्षराआधी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या वरच्या बाजूला येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह, टाकलेली होती. त्यामुळे शब्दाचा अर्थ 'रहिवासी' न राहता 'रहिवाशाचा' असा झाला, आणि रहिवाशाचे काय, हे शोधत वाचणारा पुढे जातो. अनेकवचन करण्यासाठी हे चिन्ह लागत नाही, हा नियम शिकायला पाच मिनिटे पुरतात. 'इट्स'चेही तसेच आहे. 'हिज', 'हर्स', 'अवर्स' यांच्यात अपॉस्ट्रॉफी नाही, म्हणून मालकी दाखवणाऱ्या 'इट्स'मध्येही नाही. 'इट इज' किंवा 'इट हॅज' यांचे ते संक्षिप्त रूप असेल तेव्हाच ती येते. वाक्य मोठ्याने 'इट इज' किंवा 'इट हॅज' असे वाचून पाहावे. अर्थ लागला तर चिन्ह ठेवावे, नाही तर काढावे.

सर्वांत जास्त खटकते ती 'लूज'ची गफलत. 'गमावणे' या अर्थाच्या शब्दात एक ओ आहे आणि 'सैल' या अर्थाच्या शब्दात दोन. नोकरीसाठी आलेल्या एका अर्जात मी 'मला ही संधी गमावायची नाही' हे वाक्य दोन ओ घालून लिहिलेले पाहिले. अर्जदार हुशार होता, पण मला संधी सैल करायची नाही, असे त्याने लिहिले होते.

इंग्लंडमध्ये जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी एक संस्था काढली आणि २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असे म्हणून ती बंद केली. पुढे इतरांनी ती पुन्हा सुरू केली, तरी त्यांचे ते म्हणणे माझ्या मनातून जात नाही. माझे मत स्पष्ट आहे : लिहिणाऱ्याने वाचवलेला प्रत्येक क्षण वाचणाऱ्याला भरावा लागतो, म्हणून चूक खटकलीच पाहिजे.

जि. प. शिक्षिका

सर, आपल्या मताचा आदर ठेवून असहमती नोंदवते. आळस हा शब्द मला मान्य नाही.

सहावीच्या वर्गात एका मुलीने चाकूसाठी असलेल्या 'नाइफ' या शब्दाचे स्पेलिंग एन-आय-एफ-ई असे लिहिले. तिने कानाने जे ऐकले ते अगदी बरोबर लिहिले होते. जसा उच्चार तसे अक्षर, हीच सवय मराठीने तिला लावलेली आहे. त्या शब्दाच्या सुरुवातीचा के एके काळी इंग्रज लोक खरोखर उच्चारत असत. विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला, त्यानंतर छपाईमुळे स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली आणि उच्चार मात्र पुढे निघून गेला. त्या अंतराची किंमत आज साताऱ्याकडच्या खेड्यातली मुलगी अर्ध्या गुणाने चुकवते.

ज्याला आपण शुद्ध म्हणतो, त्यातही कितीतरी जुन्या चुका दडलेल्या आहेत. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दात पूर्वी बी नव्हता, कारण तो फ्रेंचमधून 'डेट्ट' असा आला होता. पुढे विद्वानांना लॅटिन 'डेबिटम'ची आठवण झाली आणि त्यांनी बी घुसवला, जो कोणीच उच्चारत नाही. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला : हा मूळचा इंग्रजी शब्द, त्याचा लॅटिनशी संबंध नाही, परंतु बेटासाठीच्या दुसऱ्या, लॅटिनवरून आलेल्या शब्दाशी त्याचे नाते असावे असे वाटून तो घातला गेला. आपण ज्या 'इट्स'विषयी लिहिले, त्यात मालकीच्या अर्थानेही अपॉस्ट्रॉफी टाकण्याची पद्धत सतराव्या आणि अठराव्या शतकांतल्या छापील पुस्तकांत सर्रास दिसते. विद्वानाची चूक शब्दकोशात जाते आणि मुलीची चूक लाल शाईत, हे मला पटत नाही.

वकिली पेशा

ताईंचा इतिहास अचूक आहे, तरीही मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, कारण आमच्या पेशात एका चिन्हाची किंमत पैशात मोजली जाते.

अमेरिकेतील मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यातून वगळलेल्या कामांची एक यादी होती. तिच्या शेवटी, कृषी आणि इतर नाशवंत मालाच्या संदर्भात, 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांचे म्हणणे असे, की हे शब्द मालाच्या बांधणीविषयी आहेत, मग ती पाठवण्यासाठी असो वा वाटपासाठी. आम्ही माल पोहोचवतो, बांधत नाही, म्हणून आम्हाला ओव्हरटाइम मिळाला पाहिजे. कंपनीच्या मते वितरण हे यादीतले वेगळे काम होते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने हे कलम संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी हे प्रकरण ५० लाख डॉलर्सवर मिटले. तो स्वल्पविराम तेथे असता, तर चालकांचा दावा टिकणे फार अवघड होते. अशा वेळी 'भावना पोहोचल्या ना' असे म्हणून भागत नाही.

नाशिकहून आयटीत

येथे दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जात आहेत, असे मला वाटते. करारातील चूक अर्थ बदलते. रोजच्या बोलण्यातल्या ज्या चुकांवरून माणसांना खाली पाहायला लावले जाते, त्यांतल्या बहुतेक चुकांनी अर्थाला धक्काही लागत नाही.

मागच्या वर्षी आमच्या एका बैठकीत ११ जण होते. नव्याने रुजू झालेली, अमरावतीची एक मुलगी 'लेट अस डिस्कस अबाउट द रिलीज' असे म्हणाली. वरिष्ठांनी तिला तिथेच थांबवून 'अबाउट' नको, असे सांगितले. त्या मुलीने त्या दिवशी पुन्हा तोंड उघडले नाही, आणि रिलीजमधला जो दोष फक्त तिला माहीत होता तो आम्हाला तिसऱ्या दिवशी कळला. आता ही चूक कोठून आली ते पाहा. मराठीत आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो. शिवाय इंग्रजीतही 'डिस्कशन अबाउट' हे बरोबर आणि 'डिस्कस अबाउट' हे चूक आहे, म्हणजे नियम स्वतःच आडवळणाचा आहे. 'फर्निचर्स', 'इन्फॉर्मेशन्स', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' अशा चुकाही बहुधा अशाच कारणांनी होतात. 'अ' आणि 'द' गाळण्याचे कारण तर उघड आहे, कारण मराठीत तसे शब्दच नाहीत.

ठरलेली वेळ अलीकडे आणणे या अर्थाच्या 'प्रीपोन'ला तर पूर्वी हसत असत; आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात भारतीय वापर म्हणून त्याची नोंद आहे. 'लेस' आणि 'फ्यूअर' यांच्यातला कडक भेदही असाच. रॉबर्ट बेकर या लेखकाने १७७० मध्ये मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'फ्यूअर' अधिक बरे वाटते, असे स्वतःचे मत म्हणून लिहिले होते. पुढच्या पिढ्यांनी त्याचा कायदा केला, आणि शेवटी २००८ मध्ये टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने वाद टाळण्यासाठी 'दहा किंवा कमी वस्तू' सांगणाऱ्या पाट्यांवरचा 'लेस' काढून 'अप टू' असे शब्द घातले. एका माणसाच्या आवडीवरून दुसऱ्याची अक्कल का मोजावी?

मुद्रितशोधक

अमरावतीच्या त्या मुलीची हकिकत वाचून मला वाईट वाटले. ११ जणांसमोर चूक काढणे हा उद्धटपणा आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. 'लेस' आणि 'फ्यूअर'वरचा माझा हट्टही मी मागे घेतो. हाताखालून गेलेल्या कितीतरी वाक्यांत मी ती दुरुस्ती विनाकारण केली, हे आता मान्य केले पाहिजे.

मात्र ताईंच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. शुद्धलेखन बदलते, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. जुन्या पुस्तकांत 'नाहीं', 'मुलें' असे अनुस्वार दिसतात. साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. ते ठरवून गेले, विसरून गेले नाहीत. आजही फेब्रुवारीत 'मराठी भाषा दिन' लिहिताना दुसरी वेलांटी देऊन 'दीन' करणारे फलक लागतात, तेव्हा मला तितकाच त्रास होतो, कारण मराठी भाषेला गरीब म्हणावे असे कोणीही ठरवलेले नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर अपॉस्ट्रॉफी न वापरण्याचे जाहीर केले; मला ते आवडले नाही, पण तो घेतलेला निर्णय होता. लिफ्टशेजारच्या सूचनेमागे असा कोणता निर्णय आहे?

जि. प. शिक्षिका

सर, ठरवण्याचा मुद्दा आपण मांडलात, तेथेच खरी अडचण आहे. मराठीसाठी ठरवणारे मंडळ आहे. इंग्रजीसाठी तसे अधिकृत मंडळ ना इंग्लंडमध्ये आहे, ना अमेरिकेत. तिथे छापखान्यांनी आणि कोशकारांनी ठरवले. जॉन्सनने १७५५ मध्ये लंडनला आपला कोश काढला आणि वेबस्टरने १८२८ मध्ये अमेरिकेत दुसरा, म्हणून 'कलर'मध्ये एके ठिकाणी यू आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. माझे विद्यार्थी मोबाइलवर टाइप करतात; यू घातला की खाली लाल रेघ येते, म्हणून ते यू न घालता लिहायला शिकले. आमच्या पाठ्यपुस्तकात यू आहे. मागच्या घटक चाचणीत एका मुलाचा त्यावरून मी अर्धा गुण कापला होता. कोणाच्या ठरावानुसार कापला, याचे उत्तर मला त्याला देता आले नाही, म्हणून तो गुण मी परत दिला.

'लूज'चे दोन शब्द मात्र सोमवारी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून शिकवणार आहे. संधी सैल करण्याचे आपले उदाहरण त्यासाठी वापरते, चालेल ना?