कारवानी कुत्र्याचे पोर्ट्रेट घरच्यांना ओळखू येत नाही. पुन्हा काढून द्यावे का?

रेघोटी (जुळे सोलापूर)

नमस्कार. मी गेली चार वर्षे पाळीव प्राण्यांची चित्रे ऑर्डरप्रमाणे हाताने काढून देते. बहुतेक कामे रंगीत पेन्सिलींची असतात आणि ती ओळखीतून मिळतात. दीड महिन्यापूर्वी टॉवेलचा कारखाना असलेल्या एका गृहस्थांनी त्यांच्या वारलेल्या कारवानी कुत्र्याचे ए-३ आकाराचे चित्र सांगितले. किंमत साडेसहा हजार रुपये ठरली आणि त्यातील दोन हजार विसार म्हणून मिळाले.

त्यांच्याकडे फोटो तीनच होते. एक लग्नाच्या मांडवात हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात काढलेला, एक कुत्रा पायांत तोंड खुपसून झोपलेला असतानाचा, आणि एक मोबाईल अगदी तोंडाजवळ नेऊन काढलेला, ज्यात नाक भलतेच मोठे आणि कपाळ मागे गेलेले दिसते. तिन्ही फोटो व्हॉट्सॲपवरून चार ठिकाणी फिरून आलेले असल्यामुळे अंगावरची लव कुठेच दिसत नव्हती. त्यामुळे मी चेहऱ्याची ठेवण त्या जवळच्या फोटोवरून घेतली, आणि कान, मान व छाती इंटरनेटवर सापडलेल्या इतर कारवानी कुत्र्यांच्या फोटोंवरून पूर्ण केली. एकूण सव्वीस तास लागले. चित्र पाहून त्यांच्या आई म्हणाल्या, “कुत्रं देखणं आहे, पण हा आमचा राजा नव्हे.” त्यानंतर उरलेल्या पैशांचा विषय निघालेला नाही.

मला दोन गोष्टींबद्दल सल्ला हवा आहे. फोटो त्यांनीच दिलेले असताना चित्र फुकट पुन्हा काढून देणे योग्य आहे का, आणि निदान कान तरी आहे त्याच कागदावर दुरुस्त करता येतील का? मी मेणाच्या पेन्सिलींचे सात-आठ थर चढवून शेवटी फिकट पेन्सिलीने घोटून घेतले आहे. दुसरी गोष्ट अशी की, हेच चित्र जकार्डवर (कापडात नक्षी विणणाऱ्या मागावर) विणून त्याची वॉल हँगिंग काढण्याचा त्या गृहस्थांचा विचार आहे. आधी नातेवाइकांना भेट द्यायची आणि जमल्यास विकायचीही. मलाही या चित्राच्या प्रिंट विकायच्या होत्या. यावर हक्क कोणाचा?

जुना फळा (बाळीवेस)

मी निवृत्त कलाशिक्षक आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांच्या वह्या तपासण्यात माझी तीस वर्षे गेली, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो, ताई. राग मानू नये.

घोटलेल्या कागदावर दुरुस्ती होणार नाही. मेणाने कागदाचा दाणा एकदा भरला की नवा रंग वर नुसता घसरतो. चिकटपट्टी हलकी दाबून उचलली तर वरचे एक-दोन थर निघतात, पण खालचा डाग राहतोच. म्हणजे कान मोठा किंवा गडद करता येईल, लहान किंवा फिकट करता येणार नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात मेणाच्या पेन्सिली मऊ पडतात आणि हात नकळत जाड थर देतो. कूलर लावून बसत असाल तर त्याची दमट हवा कागदाला पोक आणते, तेही सांभाळा.

आता मुख्य गोष्ट. आपण म्हणता की फोटो त्यांनीच वाईट दिले. ते खरे आहे, परंतु जे दिसत नव्हते ते आपण जातीवरून भरून काढले, आणि त्या माउलीने नेमके तेच ओळखले. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट ही सगळी कारवान्यांची ठेवण झाली. मंगळवेढा-सांगोल्याकडे धनगराच्या प्रत्येक वाड्यावर तसे कुत्रे दिसते. घरचे लोक आपले जनावर या ठेवणीवरून ओळखत नाहीत. एका कानाचे टोक फाटलेले असते, बसताना एक मागचा पाय बाहेर पडतो, हाक मारली की मान एकाच बाजूला कलते, अशा खुणा त्यांच्या डोळ्यांत बसलेल्या असतात. नाकावरचा एक-एक केस हुबेहूब काढला तरी या खुणा चुकल्या की चित्र परके होते, आणि त्या बरोबर असतील तर दहा मिनिटांचे पेन्सिलचे रेखाटनसुद्धा घरचे वाटते. जहांगीराच्या दरबारातील उस्ताद मन्सूरने १६२१ मध्ये काढलेला झेब्रा पाहा. असे जनावर तिथे कोणी पाहिलेलेच नव्हते, घोड्यावर कोणी पट्टे रंगवले असावेत अशी शंका घेतली गेली होती. मन्सूरपुढे जातीचा ठोकळा नव्हताच, त्यामुळे समोर उभे असलेले जनावर पाहण्याखेरीज त्याला गत्यंतर नव्हते.

उपाय सांगतो. नव्या कागदावर नुसते रेघांचे रेखाटन करून त्यांच्या घरी जा, सोबत पुट्टी रबर न्या, आणि आईंना बोलू द्या. त्या सांगतील तसे तिथेच पुसून बदला. घरच्यांच्या मोबाईलमध्ये त्याचे व्हिडिओ आहेत का, ते विचारा. व्हिडिओ थांबवला की चित्र धुरकट दिसते, पण डोक्याचा आकार आणि कानाची बसण त्यातून फोटोपेक्षा चांगली कळते. त्या जवळच्या फोटोवर मात्र प्रमाणासाठी विसंबू नका. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगते आणि कान लहान होतात. पुढच्या गिऱ्हाइकांना पाच-सहा फूट मागे उभे राहून, जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, सकाळच्या उजेडात आणि फ्लॅश न लावता फोटो काढायला सांगत चला, आणि व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

पैशांबद्दल माझे मत असे की, रेखाटन दाखवून होकार घेतल्याशिवाय रंगाला हात लावला, ही चूक आपली आहे. त्यामुळे या वेळी जास्तीचे पैसे मागू नयेत.

शिवारातला (मंगळवेढा तालुका)

मी चित्रकार नाही, गिऱ्हाईक आहे. वडिलांच्या खिलार बैलाचे चित्र दोन वर्षांपूर्वी एका चित्रकाराकडून करून घेतले होते. माझ्याकडचा चांगला फोटो बेंदराचा होता, म्हणजे शिंगे रंगवलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा. चित्रकाराने झूल काढून बैल मोकळा दाखवला आणि शिंगांचा रंग अंदाजाने दिला. शिंगांची ठेवण बरोबर आली होती, त्यामुळे आम्ही खूश होतो. वडिलांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले की, याच्या मानेवरचा घट्टा कुठे गेला? अकरा वर्षे जू ओढून पडलेला घट्टा चित्रकाराने डाग समजून गुळगुळीत करून टाकला होता. त्याला कळवल्यावर त्याने चित्र परत मागवून घेतले आणि घट्टा काढून दिला, पैसे घेतले नाहीत. ते जलरंगाचे चित्र होते आणि फिकटावर गडद चढवायचे होते, म्हणून जमले असावे. त्यानंतर गावातून त्याला आणखी तीन कामे मिळाली, हेही सांगायला हवे.

तुम्ही सव्वीस तासांचे साडेसहा हजार घेता, म्हणजे तासाला अडीचशे रुपये झाले, आणि त्यातून कागद, पेन्सिली व येण्याजाण्याचा खर्च वजा जातो. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही. आधी सांगितले तर निम्मी रक्कम विसार द्यायला लोक कुरकुर करणार नाहीत.

कागदपत्र (सात रस्ता)

हक्काच्या प्रश्नाचे उत्तर अनेक चित्रकारांना अनपेक्षित वाटते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मधील खंड (ख) प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन चित्र किंवा पोर्ट्रेट काढले असेल, तर उलट करार नसल्यास त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक सांगणारा माणूस असतो. आपल्या व्यवहारात असा करार झालेला दिसत नाही. त्यामुळे त्या गृहस्थांना चित्र विणून घेण्यापासून अडवणे कठीण आहे, आणि आपण प्रिंट विकायच्या झाल्या तर परवानगी आपल्यालाच घ्यावी लागेल. कलम ५७ मात्र आपल्या बाजूने आहे: चित्र आपले आहे हे सांगण्याचा हक्क, आणि आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशी त्याची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क, कॉपीराइट दुसऱ्याकडे असला तरी चित्रकाराकडेच राहतो.

दुसरी बाब आपण ओघात लिहून गेलात, पण ती अधिक काळजीची आहे. इंटरनेटवरील ज्या फोटोंवरून कान आणि मान घेतली, ते फोटो कोणाच्या तरी मालकीचे आहेत. फोटोवरील कॉपीराइट फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. आकाराचा अंदाज घेण्यासाठी दहा फोटो पाहणे वेगळे आणि एका फोटोतील मान जशीच्या तशी उचलणे वेगळे. तेव्हा नवे चित्र केवळ घरच्या फोटोंवरून आणि व्हिडिओंवरून होणार असेल, तर हा प्रश्नही आपोआप मिटतो.

पुढच्या वेळी काम स्वीकारताना चार ओळी लिहून त्यावर सही घ्या: किंमत आणि विसार, रेखाटनावर किती वेळा बदल करून मिळतील, चित्राच्या प्रती कोण काढू शकेल, आणि चित्र आपल्या कामांत दाखवण्याची मुभा.

रेघोटी (जुळे सोलापूर)

सर्वांचे आभार. सर, राग आला नाही, पण तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस पेन्सिल हातात धरवली नाही, हे खरे.

रविवारी रेखाटन घेऊन त्यांच्या घरी जाऊन आले. आई दीड तास बोलत होत्या. राजाचा डावा कान लहानपणी रानडुकराने फाडलेला होता आणि तो कधीच नीट पडत नसे. झोपलेल्या फोटोत तो खालच्या बाजूला दबलेला असल्यामुळे मला दिसलाच नव्हता. गळ्यातला पट्टा त्यांनी कपाटातून काढून दाखवला. तो इतका सैल होता की मी काढलेली जाड मान त्यात मावलीच नसती. व्हिडिओ त्यांच्या नातवाच्या मोबाईलमध्ये निघाले, तेही पाच. कान आणि मान मी तिथेच तीनदा पुसून बदलली, तिसऱ्या वेळी त्यांनी काही न बोलता चहा मागवला.

विणण्याबाबत गृहस्थांशी बोलणे झाले. कारखान्यात विणायच्या नक्षीचा चौकटींचा आलेख कागदावर करणाऱ्या कारागिराने सांगितले की पेन्सिलीच्या इतक्या बारीक छटा धाग्यात उतरणार नाहीत, त्यासाठी चार-पाच सपाट छटांचे वेगळे चित्र लागेल. ते चित्र मी स्वतंत्र कामासारखे, वेगळी किंमत घेऊन करून देणार आहे आणि कोपऱ्यात माझी सही विणली जाईल, असे कागदावर लिहून घेतले. प्रिंटचा विचार मी सोडला. कोणाच्या घरातला कुत्रा तिसऱ्याने विकत घ्यावा, याचे मलाच आता नवल वाटते.

एक अडचण राहिली आहे. डोळ्यांचा रंग कोणत्याच फोटोत कळत नाही. एकात हॅलोजन, दुसऱ्यात डोळे मिटलेले, तिसऱ्यात फ्लॅशमुळे हिरवी चमक. व्हिडिओ सगळे संध्याकाळचे आहेत. मुलगा काळे म्हणतो, आई तांबूस म्हणतात.

जुना फळा (बाळीवेस)

हिरवी चमक सोडून द्या. ती बुबुळाची नव्हे, डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत येणाऱ्या उजेडाची असते. रंगांच्या नावांवर घरात कधीच एकमत होत नाही, म्हणून नाव विचारू नका. कागदाच्या तुकड्यावर सहा-सात तपकिरी छटांचे ठिपके काढा, मधोमध काळी बाहुली आणि वर एक पांढरा प्रकाशबिंदू द्या, आणि दोघांना वेगवेगळे दाखवा. प्रकाशबिंदूशिवाय दाखवाल तर सगळेच ठिपके मेलेले दिसतील.

रेघोटी (जुळे सोलापूर)

सर, ठिपके घेऊन गेले होते. मुलाने चौथा दाखवला. आईंनी एकही दाखवला नाही. आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि दारातल्या उन्हात धरला. घरी येऊन जुळवून पाहिले तर तो चौथ्या आणि पाचव्या ठिपक्याच्या मधला निघाला. खाली पिवळा गेरू आणि वर गडद तपकिरीचा एकच पातळ थर दिला आहे, अजून घोटलेले नाही. उरलेले साडेचार हजार आज जमा झाले.