खिडकीला काच हवी कशाला?

काटकसर:
मांडव-केटरिंगवाल्या एका गिऱ्हाइकाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे, डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरच्या खिडक्या-फॉर्म बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) लिहिलेलं. मालकांना हौस आली, "मॅकसारखं काचेचं दिसू दे." दिलं. खिडकी अर्धपारदर्शक, मागे लग्नाच्या मांडवाचा फोटो, अख्ख्या फॉर्मला ड्रॉपशॅडोइफेक्टची सावली. दोन दिवसांत फोन: यादीत 'भांडे' कुठलं न् 'भाडे' कुठलं, कळतच नाही! अनुस्वार फोटोतल्या झेंडूत हरवला होता. वर टाइप करताना अक्षरं मागून रांगत यायची.

माझं मत: कामाच्या सॉफ्टवेअरला असले इफेक्ट लावूच नयेत. २००७ च्या व्हिस्टात मायक्रोसॉफ्टने एअरो नावाची अर्धपारदर्शक काच बसवली आणि २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्वतःच काढली. आता २०२५ मध्ये ॲपलने 'लिक्विड ग्लास' नावाचं काचेसारखं रूप आणलंय. पुन्हा तेच.

घनाकार:
साफ असहमत. सावली चुकीच्या जागी लावलीत आणि खापर सावलीवर. डब्ल्यूपीएफमध्ये बाहेरच्या खोक्याला इफेक्ट दिला की आतलं सगळं आधी एका चित्रात रंगवलं जातं, मग त्यावर इफेक्ट चालतो. त्यात क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा रेखीव दिसाव्यात म्हणून विंडोज करते ती सोय) जातं, म्हणून अक्षरं पुसट. आणि आतल्या एका खोक्यात एक अक्षर बदललं तरी सगळं चित्र पुन्हा. मागे एक रिकामी बॉर्डर, म्हणजे नुसती चौकट, ठेवा, सावली तिला द्या, मजकूर तिच्यावर वेगळा मांडा. पाच मिनिटांचं काम.

तरी नशीब, डब्ल्यूपीएफच्याच जुन्या बिटमॅपइफेक्टवर नव्हतात. ते सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर असायचं. ग्राफिक्स कार्डावर चालणारे इफेक्ट २००८ मध्ये, डॉटनेटच्या ३.५ एसपी१ आवृत्तीत आले.

आणि सावली म्हणजे नुसती नटवेगिरी नाही हो. दोन पांढऱ्या खिडक्या एकमेकींवर आल्या तर वरची कोणती, हे सावलीच सांगते. मॅकवर खिडकी डॉकमध्ये, म्हणजे कडेच्या चिन्हांच्या पट्टीत, ओघळत जाते ना, ती कुठे गेली ते नवख्यालाही दिसतं.

चाळिशी_लागली:
सावलीबद्दल मान्य, काचेबद्दल नाही. सगळ्यांना वाचता यावं म्हणून केलेल्या वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराला ४.५:१ काँट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) मागितलाय. पाठीमागे काय येणार हेच माहीत नसेल तर हे गुणोत्तर पाळायचं कसं? आज मांडवाचा फोटो, उद्या नातवाचा. रोमन अक्षरांचं एक वेळ निभेल, आपल्याकडे एका टिंबावर अर्थ फिरतो.

घनाकार:
सेटिंग आहे की! विंडोजमध्ये पारदर्शकता बंद करता येते, मॅकवरही.

चाळिशी_लागली:
ते सेटिंग माझ्या आईला कोण शोधून देणार? तुम्ही येता?

रात्रपाळी:
मधला रस्ता आहे. विंडोज ११ मधलं मायका नावाचं खिडकीचं रूप वॉलपेपरचा रंग एकदाच उचलतं आणि खिडकीला त्याची झाक देतं. ॲक्रिलिक नावाचं दुसरं रूप मात्र मागे जे काही असेल ते धूसर करत बसतं, म्हणून बॅटरी सेव्हर लागला की विंडोज तिथे सरळ सपाट रंग टाकते. मोठ्या खिडकीला मायका, क्षणभर उघडणाऱ्या मेनूला ॲक्रिलिक. रिमोट डेस्कटॉपवर काम असेल तर दोन्ही विसरा.

अवांतर: २००६-०७ च्या सुमारास हॉस्टेलवर कंपिझ हे लिनक्सवरचं खिडक्यांना इफेक्ट देणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा जेलीसारख्या थुलथुलणाऱ्या खिडक्या आणि फिरणारा डेस्कटॉपचा ठोकळा दाखवायला अर्ध्या विंगने लिनक्स टाकलं. त्यातले दोघे अजून लिनक्सवरच पोट भरतात. इफेक्टला अगदीच निरुपयोगी म्हणू नका.

काटकसर:
घनाकार, रिकाम्या बॉर्डरची युक्ती केली. टायपिंग सुरळीत झालं, सावली राहू दिली. तेवढे शब्द मागे घेतो. काच मात्र काढली, मागे सपाट पांढरा रंग. भांडे भांडे झालं, भाडे भाडे.

मालक विचारतायत, नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला तेवढी काच ठेवता येईल का.