‘यशस्वी उद्योजक’ की दुसरं काही? गिरणीवाल्या काकांच्या मानपत्रासाठी शब्द हवाय

कऱ्हाकाठ
आमच्या तालुक्याच्या गावात व्यापाऱ्यांनी पाडव्याला जुन्या दुकानदारांचा सत्कार ठरवलाय आणि मानपत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलंय. बाकीची झाली, एकच अडलंय, पिठाच्या गिरणीवाल्या काकांचं. नमुन्यात ‘यशस्वी उद्योजक’ असं आधीच छापलेलं आहे आणि ते त्यांच्या नावापुढे ठेवायला मन घेत नाहीये. म्हणजे ते यशस्वी नाहीत म्हणून नव्हे, उलट मला विचाराल तर बाजारपेठेतला सगळ्यात यशस्वी माणूस तोच, पण हे दोन शब्द वाचले की लोकांच्या डोळ्यापुढे दुसरी शाखा, गाडी, बंगला असंच येतं आणि काकांकडे यातलं काही नाही. दुसरी गिरणी टाकली नाही, घर जुनंच आहे. पण कुणाला भाकरीचं पीठ किती बारीक लागतं आणि कुणाची भाजणी जाडसर लागते हे त्यांना डबा बघूनच कळतं, ज्वारीवर गहू आला तर आधीचं पीठ झाडून घेतल्याशिवाय टाकत नाहीत, एकादशीच्या आधी सगळी गिरणी साफ करून मगच राजगिरा नि वरी दळतात, दगडांना वेळच्या वेळी टाकी लावतात, म्हणजे छिन्नीनं टोचून खरखरीत करतात, त्यामुळे पीठ तापत नाही. बायका डबा ठेवून बाजाराला जातात, येताना घेऊन जातात, कुणी वजन करून बघत नाही.

याला मराठीत काय म्हणायचं? धंद्यात पैसा सोडून जे कमावलेलं असतं त्याला आपल्याकडे धड शब्द आहे का?

खतावणी
मी हिशेबाचं काम करतो म्हणून त्या बाजूनं सांगतो. मराठी माध्यमाच्या कॉमर्सच्या पुस्तकात गुडविलला, म्हणजे धंद्याने कमावलेल्या नावाला, ‘ख्याती’ म्हणतात. पण हिशेबाचा नियम असा आहे की स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. कुणी चालता धंदा विकत घेतला आणि त्याच्या निव्वळ मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजले तर तेवढा फरक घेणाऱ्याच्या वहीत ख्याती म्हणून येतो. म्हणजे काकांनी उद्या गिरणी विकली तर त्यांचं नाव दुसऱ्याच्या वहीत चढेल, त्यांच्या स्वतःच्या वहीत आयुष्यभर शून्यच. सरकारी व्याख्याही रुपयांचीच आहे, १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असली की सूक्ष्म उद्योग (२०२० पासून हे आकडे १ कोटी आणि ५ कोटी असे होते). त्यात काकांची गिरणीही बसते, पण अगदी तळाशी. त्यामुळे तुम्ही विचारताय ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझ्याकडून ‘पत’. पतपेढी, पतसंस्था यातला. बाजारात जो माणूस नुसत्या शब्दावर माल उचलू शकतो त्याला पत असते. पैसा गेला तरी पत राहू शकते, आणि पैसा असून पत नसलेले लोक मी रोज बघतो.

जोंधळा
पत बरोबर आहे पण ती होलसेलवाल्याच्या नजरेतली झाली. गिरणीवाल्याला उधारीवर उचलायचं काय असतं? धान्य तर लोकच आणतात. मी ‘बरकत’ म्हणेन. अरबीतून फारसीमार्गे आला असला तरी आता इतका आपला आहे की आजीच्या तोंडी सुद्धा होता. आमच्या भागात खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात आणि मग दोन, तीन असं पुढे. दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी. रात्री दुकान बंद करत नाहीत, ‘वाढवतात’. या सगळ्या बोलण्यात आकडा मागे ठेवलेला दिसतो. आणि ‘कमाई भरपूर आहे पण बरकत नाही’ हे तर आपण घराघरात ऐकतो, म्हणजे कमाई वेगळी आणि बरकत वेगळी हे बोलणाऱ्यांना आधीपासून पक्कं माहीत आहे. आहे त्यात पुरणं, उरणं, चार माणसांचं होणं, ती बरकत.

माणदेशी
बरकत सुंदर शब्द पण मानपत्राला नको. बरकत येते, कुणीतरी देतं, त्यात काकांनी रोज उठून केलेलं काम कुठे दिसतं?

मला वाटतं ‘यश’ हाच शब्द ठेवा, फक्त जुन्या जागी ठेवा. ‘हाताला यश आहे’ असं आपण म्हणतो ना, वैद्याबद्दल, सुईणीबद्दल, आमच्याकडे शिंप्याबद्दल आणि आचाऱ्याबद्दल पण म्हणतात. डॉक्टरांच्या हाताला यश आहे म्हणताना त्यांची फी किंवा दवाखाना किती मोठा हे कुणाच्या मनात नसतं, माणूस बरा होऊन घरी जातो एवढंच म्हणायचं असतं, म्हणजे यश यांच्या हातात आणि त्याचं फळ दुसऱ्याच्या घरात. गिरणीवाल्याला हे तंतोतंत लागू पडतं कारण त्याचं काम चांगलं झालंय की नाही ते त्याच्या गल्ल्यात कळतच नाही, भाकरी थापताना कडा चिरली का नाही यात कळतं, आणि ते तो बघायला नसतो.

मुळात संस्कृतात यश म्हणजे कीर्ती. विष्णुपुराणात ‘भग’ म्हणून जे सहा गुण सांगितलेत त्यात यश आणि श्री वेगवेगळे मोजलेत, ऐश्वर्य आणखी वेगळं. तेव्हा यश शब्दात काही खोट नाही. मानपत्रातून उद्योजक काढा, यश राहू द्या.

तांबडी माती
‘जम बसला’ पण धरा यादीत. बस्तान बसलं, घडी बसली, सगळीकडे बसणंच आहे, फक्त नुसता ‘धंदा बसला’ म्हटलं की संपलं. त्यामुळे मानपत्रात बसण्यापासून जपून.

परखड
सगळं वाचलं, पटलं पण, तरी एक बोलायचंच आहे. पैसा सोडून यश म्हणताना काकांचा पैसा खरंच सोडून देऊ नका. माझ्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं, गल्लीभर लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचे, आणि महिनाअखेरीला घरात काय ताण असायचा ते आम्हालाच माहीत. छोट्या माणसाच्या कौतुकात ‘अल्पसंतुष्ट’, ‘निरपेक्ष सेवा’, ‘पैशाच्या मागे धावले नाहीत’ असले शब्द हटकून येतात आणि मग तोच माणूस दळणाचा दर किलोमागे रुपयानं वाढवायला गेला की टाळ्या वाजवणारेच घासाघीस करायला पुढे. वीजबिल काय कौतुकावर भरतात का? ते सेवा नाही करत, धंदा करतात, नीट करतात, आणि त्याचे पैसे घेतात यात कमीपणा कुठला.

माझा शब्द ‘परवडणं’. काउंटरच्या दोन्ही बाजूंना हाच एक शब्द वापरतात बघा, गिऱ्हाईक म्हणतं परवडत नाही आणि दुकानदार पण म्हणतो परवडत नाही. ज्या धंद्यात दोघांनाही परवडतं आणि तो तसा वर्षानुवर्षं टिकतो तो यशस्वी. गिऱ्हाईक हा शब्द पण विचार करण्यासारखा आहे, ‘एखाद्याचं गिऱ्हाईक करणं’ म्हणजे त्याला मामा बनवणं, हा अर्थ मराठीत आलाय तो बाजारात अनुभव घेऊनच आला असणार. काकांनी कुणाचं गिऱ्हाईक केलं नाही, हे मोठं आहे.

खतावणी
परखड, पूर्ण सहमत. मी पत मागे घेतो, म्हणजे काकांपुरती. पत असूनही भाव न मिळालेली बरीच माणसं हिशेबाला माझ्याकडे येतात आणि तेव्हा त्या शब्दाचा काही उपयोग होत नाही.

कऱ्हाकाठ
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल काकूंना भेटलो आणि सरळ विचारलं की काकांबद्दल काय लिहू. त्या म्हणाल्या, पिठाची तक्रार घेऊन कुणी घरापर्यंत आलं नाही, एवढं लिहा. ते जसंच्या तसं घेतोय. ‘सेवा’ काढून ‘व्यवसाय’ केलं. आता ओळ अशी झालीये:

‘आपल्या हाताला यश आहे. आपल्या गिरणीवरून नेलेल्या पिठाची तक्रार घेऊन आजवर कुणी आपल्या दारी आलं नाही. रास्त दर आणि चोख काम यांवर आपण हा व्यवसाय उभा ठेवलात, याबद्दल आम्हा सर्व व्यापाऱ्यांना आपला अभिमान वाटतो.’

परखड
‘रास्त दर’ ठेवलात ते उत्तम. कुणी काढायला लावलं तर काढू नका.

जोंधळा
वर संबोधनात काय, गिरणीवाले, गिरणीचालक का गिरणीमालक?

माणदेशी
चालक नको, मशीनवर ठेवलेला माणूस पण चालकच असतो. मालक लिहा. एरवी काका म्हणतातच सगळे, पण कागदावर त्या दिवशी मालक यायला हवं.

कऱ्हाकाठ
मालक केलं. छापखान्यात सोमवारी द्यायचंय, तोवर ‘आम्हा सर्व व्यापाऱ्यांना’ बरोबर आहे की ‘आम्हां’वर अनुस्वार हवा ते कुणी सांगितलं तर बरं होईल.