मदत हवी आहे: बाबांना अंदमानला गरवायला (गळाने मासे पकडायला) न्यायचंय

नमस्कार मंडळी. बाबांना यंदा ७० पूर्ण होतील. रत्नागिरीच्या धक्क्यावर त्यांनीच मला गरवायला शिकवलं. दोरीने कापून खरखरीत झालेली त्यांची तर्जनी अजून तशीच आहे. फेब्रुवारीत त्यांना हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पाच दिवस न्यायचंय. जायंट ट्रेव्हॅली एकदा तरी त्यांच्या गळाला लागावी, एवढीच इच्छा. पण हा मासा ३० किलोच्या वरही जातो, आणि दिवसभर पॉपर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर आवाज करत ओढायचं खोटं आमिष, फेकून माझेच खांदे भरून येतात. त्यांना ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेणं, झेपेल का? बोटीवर सावली आणि शौचालय असतं का? लांब रॉड विमानातून कसा नेलात? घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मासा परत सोडायचा, हे त्यांना पटवलंय.